आकाशाला नीळ कोणी घातली?

जी वस्तु जन्मापासून रोज डोळ्यांपुढें असते, तिच्याविषयीं प्रश्न विचारण्याचें मनुष्यास सहसा सुचत नाहीं. आकाश निळें कां, ढग पांढरे कां, मावळता सूर्य तांबडा कां, हे प्रश्न चार-पांच वर्षांचें मूल विचारतें. वडील मंडळी "मोठा झालास म्हणजे कळेल" असें सांगून वेळ मारून नेतात. आणि मूल मोठें होतें तेव्हां तें तो प्रश्नच विसरून गेलेलें असतें. आमच्या घरीं मात्र गेल्या वर्षीं हा प्रश्न एका शहात्तर वर्षांच्या आजीबाईंनीं उपस्थित केला, आणि तोही अशा रीतीनें कीं, त्याचें उत्तर शोधल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

आमच्या मातोश्रींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु दिवाळीनंतर काढला. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, पट्टी सुटली, आणि समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेचे आंकडे त्यांस खाटेवरून वाचतां येऊं लागले. सर्वांस आनंद झाला. मातोश्री मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढें व्हावयाची होती, "आतां या वयांत दुसरा डोळा कशाला? एकावर भागेल," असें त्या म्हणूं लागल्या. कारण कोणासच सांगेनात. अखेर माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलीनें तें काढून घेतलें. ती सातवींत आहे आणि आजीजवळ निजते.

"अग, ह्या नव्या डोळ्यानें पाहिलें कीं सगळें नीळ घातल्यासारखें दिसतें," मातोश्री तिला म्हणाल्या. "अण्णाआजोबांचें धोतर निळसर, भिंत निळसर, वाटींतलें दूधसुद्धां! आणि आकाश तर इतकें निळें कीं, पाहवत नाहीं. जुन्या डोळ्यानें पाहावें तर सारें नेहमीसारखें. डॉक्टरांच्या हातून कांहीं बिघडलें असलें पाहिजे. पण त्या भल्या माणसाला सांगायचें कसें?"

रात्रीं जेवणें झाल्यावर ही गोष्ट ओटीवर निघाली. आमचे चुलते अण्णा हे संस्कृताचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "वहिनी, आकाशाला मुळीं रंगच नाहीं. अधिक निळें दिसलें काय आणि कमी निळें दिसलें काय, दोन्ही भ्रमच! शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीं अध्यास समजावून देतांना हेंच उदाहरण घेतलें आहे. आकाश ही डोळ्यांस दिसणारी वस्तु नव्हे. तरी अजाण लोक तिच्यावर तळ आणि मळकटपणा लादतात."

यावर आमची पुतणी म्हणाली, "पण अण्णाआजोबा, आकाशाला रंगच नसेल, तर आजीला दिसतें तें काय?"

ह्या प्रश्नास उत्तर देण्याचें काम माझ्याकडे आलें. त्या आठवड्यांत जें वाचलें, करून पाहिलें आणि घरांत सांगितलें, तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

निळाई कोणाची?

आधीं अण्णांचें म्हणणें तपासूं. आकाश म्हणजे नुसती पोकळी असें धरलें, तर तिला रंग नाहीं हें अगदीं खरें. १९६९ पासून १९७२ पर्यंत जे अमेरिकन अंतराळवीर चंद्रावर उतरले, त्यांनीं आणलेल्या छायाचित्रांत भर दिवसा, लख्ख उन्हांत, वर काळेंकुट्ट आकाश दिसतें; कारण चंद्रावर हवा नाहीं. तेव्हां निळाई ही पोकळीची नव्हे, आपल्याभोंवतीं पसरलेल्या हवेची होय.

परंतु खोलींतली हवा तर निळी दिसत नाहीं! ह्याचें उत्तर इतकेंच कीं, थोड्या हवेचा रंग जाणवत नाहीं. कोस-दोन कोस हवा मधें आली म्हणजे तो जाणवूं लागतो. सह्याद्रीच्या एखाद्या गडावर उभें राहून पाहावें. पायथ्याची टेंकडी हिरवी, तिच्यामागची रांग निळसर, आणि त्याहीमागची फिकट निळी. दुरून डोंगर साजरे दिसतात खरे. पण त्या साजांतील निळा रंग डोंगराचा नसून मधल्या हवेचा असतो.

मग हवेंत निळीसारखें कांहीं रंगद्रव्य कालवलेलें आहे काय? तसें असतें तर तिच्यांतून येणारा सूर्यही निळा दिसला असता. आणि मावळता सूर्य तर सर्वांत जाड थरांतून पाहावा लागतो, तो सर्वांत निळा दिसावयास हवा होता. घडतें नेमकें उलट. एकच हवा बाजूनें पाहिली तर निळी, आणि तिच्या आरपार सूर्याकडे पाहिलें तर तांबूस! रंगवलेलें पाणी असें वागत नाहीं. येथें रंग कालवण्याचा नव्हे, तर वेगळा काढण्याचा प्रकार चालला आहे.

पेल्यांतलें आकाश

सूर्याचा पांढरा प्रकाश अनेक रंगांचा बनला आहे, हें न्यूटननें कांचेच्या लोलकानें सिद्ध केलें. त्या संशोधनावरील त्याचा ग्रंथ १७०४ सालीं प्रसिद्ध झाला. शाळेंत पाठ केलेलें 'तानापिहिनिपाजा' कोणास आठवत नाहीं? तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा हा जो क्रम, तो केवळ पाठांतराच्या सोयीचा नाहीं. प्रकाश लहरींच्या रूपानें येतो, आणि ह्या क्रमानें त्या लहरींची लांबी कमी होत जाते. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर तसे सुमारें ७०० भाग तांबड्या टोंकाच्या लहरीची लांबी, आणि सुमारें ४०० भाग जांभळ्या टोंकाच्या लहरीची.

हवेचे रेणु ह्या लहरींच्या मानानें फारच लहान. निळ्या लहरीची लांबी रेणूच्या आकाराच्या हजारपटीहूनही अधिक भरते. लहर रेणूवरून जातांना त्यांतील विद्युत्कणांस हेलकावे देते, आणि हेलकावणारा रेणु स्वतःच त्या प्रकाशाचा अल्पसा अंश चोहोंकडे उधळूं लागतो. ह्या क्रियेस प्रकीर्णन म्हणतात. आंखूड लहर झपाट्यानें हेलकावे देते, म्हणून तिची उधळणही अधिक होते. किती अधिक, याचें गणित इंग्लंडांत जॉन स्ट्रट यानें १८७१ सालीं मांडलें. हाच पुढें लॉर्ड रॅले या नांवानें प्रसिद्धीस आला. लहरीची लांबी निमपट झाली तर उधळण दुप्पट किंवा चौपट होत नाहीं, ती सोळापट होते. तांबडी लहर निळ्या लहरीच्या सुमारें दीडपट लांब असते. दीड चार वेळां मांडून गुणाकार केला तर पांचाहून किंचित् अधिक येतात. म्हणजे हवेंतून जातांना तांबड्याचा एक भाग उधळला गेला, तर निळ्याचे पांच उधळले जातात. हा वाटेवरून बाजूस झालेला निळा प्रकाश दाही दिशांनीं आपल्या डोळ्यांत येतो, आणि त्यालाच आपण आकाश म्हणतों.

हें नुसतें सांगून घरांत कोणाचें समाधान होईना, म्हणून आम्ही एक प्रयोग केला. कांचेच्या उंच भांड्यांत स्वच्छ पाणी घेतलें, खोलींतले दिवे मालवले, आणि एका बाजूनें पांढऱ्या प्रकाशाची विजेरी धरली. पाण्यांत प्रकाशाची वाट दिसेना. मग दुधाचे थेंब एक-एक करून सोडले. दुधांतील अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश पडतांच बाजूनें पाहणारांस पाणी निळसर दिसूं लागलें. पुतणीनें भांड्याच्या पलीकडून विजेरीकडे पाहिलें आणि ती ओरडली, "अग आई, सूर्य मावळला!" तिला दिवा पिवळा, आणि आणखी थेंब टाकल्यावर नारिंगी दिसत होता. दूध फार झालें तेव्हां निळाई गेली आणि सारें पांढरें झालें. ढगांचेंही असेंच आहे. ढगांतील जलबिंदु प्रकाशलहरींहून पुष्कळ मोठे असतात. ते सर्व रंग सारखेच उधळतात, म्हणून ढग पांढरा. तोच ढग फार जाड असला म्हणजे खालपर्यंत प्रकाश पोंचत नाहीं, आणि आषाढांतला ढग काळा दिसतो.

एव्हरेस्ट आणि मुंबई बंदर

असाच प्रयोग टिंडाल ह्या शास्त्रज्ञानें १८६९ च्या सुमारास कांचेच्या नळींत वाफा भरून केला होता, आणि नळींत आकाशासारखी निळाई उत्पन्न केली होती. पण त्या काळीं समज असा होता कीं, निळाईला हवेंतील बारीक धूळ किंवा तत्सम कण कारण असावेत. १८७३ सालीं मॅक्सवेलनें रॅलेस पत्र लिहून विचारलें कीं, हें कार्य हवेचे रेणु स्वतःच करीत असतील काय, आणि तसें असल्यास त्यावरून रेणूंविषयीं कांहीं अनुमान बांधतां येईल काय. ह्या पत्राचा धागा धरून रॅलेनें १८९९ सालीं जो निबंध लिहिला, त्यांत आपल्या हिमालयास मोठें मानाचें स्थान मिळालें आहे. दार्जिलिंगच्या परिसरांतून एव्हरेस्ट शिखर शंभर मैलांवरूनही बऱ्यापैकीं उजळ दिसतें, ही गोष्ट त्यानें हिशेबास घेतली. इतक्या अंतरांत हवा किती प्रकाश उधळून टाकते, याचा अंदाज त्यावरून करतां येतो. आणि त्यावरून त्यानें असा निष्कर्ष काढला कीं, धूळ मुळींच नसली तरी केवळ हवेचे रेणु आकाशास निळें करण्यास पुरेसे आहेत. पुढें ह्याच मार्गानें, आकाशाच्या निळाईवरून, हवेंतील रेणूंची संख्या काढण्यांत आली. जे डोळ्यांस दिसत नाहींत, त्यांची शिरगणती त्यांनीं उधळलेल्या रंगावरून व्हावी, ह्याहून मोठें नवल कोणतें!

दुसरी हकीकत आपल्या मुंबईशीं संबंध असलेली आहे. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन हे 'नारकुंडा' बोटीनें विलायतेहून परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळें, असें रॅलेचें मत होतें. रामन यांनीं डेकवरून एका खास स्फटिकाच्या साहाय्यानें पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवून पाहिलें. प्रतिबिंब नाहींसें झालें, पण समुद्र फिका पडण्याऐवजीं उलट अधिकच निळा दिसला. बोट मुंबई बंदरांत आली तेव्हां, २६ सप्टेंबर १९२१ रोजीं, त्यांनीं तेथूनच 'नेचर' ह्या विलायती पत्रास आपलें निरीक्षण लिहून धाडलें. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतें हें समुद्राच्या निळाईचें मोठें कारण आहे, असें आज आपणांस ठाऊक आहे; परंतु त्या प्रवासांत लागलेला उधळत्या प्रकाशाचा ध्यास रामन यांनीं सोडला नाहीं. त्यांतूनच १९२८ सालचा त्यांचा शोध आणि १९३० सालचें नोबेल पारितोषिक आलें.

सांजवेळ

आतां मावळत्या सूर्याचा उलगडा सोपा आहे. भर माध्यान्हीं सूर्य माथ्यावर असतो तेव्हां त्याच्या किरणांस सर्वांत थोडी हवा ओलांडावी लागते. तोच क्षितिजाला टेंकला म्हणजे त्याच्या सुमारें अडतीसपट. इतक्या लांबच्या वाटेंत निळा प्रकाश जवळजवळ सारा बाजूस होतो, हिरवाही बराच गळतो, आणि जें आपल्यापर्यंत येऊन पोंचतें तें तांबडें-नारिंगी. आपल्या डोळ्यांपुढें सूर्य तांबडा होत असतो, तेव्हां त्याच किरणांतून निघालेली निळाई आपल्या पश्चिमेकडील कोणाच्या तरी दुपारच्या आकाशांत भरलेली असते.

हवेंतील धूळ ह्या देखाव्यास कधीं शोभा देते, कधीं मलिन करते. वैशाखांतलें आकाश पांढुरकें दिसतें तें हवेंत तरंगणाऱ्या जाड्या धुळीमुळें. पावसाळ्यानें हवा धुऊन काढली म्हणजे आश्विनांत तेंच आकाश गडद निळें होतें. ऑगस्ट १८८३ मध्यें क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, आणि त्याची सूक्ष्म रक्षा व वाफा उंच हवेंत पृथ्वीभर पसरल्या. त्यानंतर कित्येक महिने देशोदेशीं विलक्षण तांबड्या संध्याकाळी दिसल्या. त्याच सालीं सप्टेंबरांत सिंहलद्वीप व मद्रास इकडे लोकांनीं हिरवा-निळा सूर्य पाहिला! कणांचा आकार प्रकाशलहरीच्या मानानें विशिष्ट मापाचा जुळून आला, तर निळ्याऐवजीं तांबडाच अधिक उधळला जातो. मग सूर्यबिंबांत निळें-हिरवें तेवढें उरतें. मंगळावरील सूर्यास्ताभोंवतीं निळी आभा दिसते, ती तेथील बारीक धुळीमुळेंच.

आणखी एक देखावा बहुतेकांच्या पाठीमागें घडतो, म्हणून तो चुकतो. सायंसंध्येस पश्चिमेकडे तोंड करून बसणारानें सूर्य बुडाल्यावर क्षणभर मागें वळून पूर्वेकडे पाहावें. क्षितिजालगत करडा-निळा पट्टा चढतांना दिसेल आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी किनार. तो करडा पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीची हवेवर पडलेली सावली होय. रात्र येते ती अशी, पूर्वेकडून, पायापायानें. मात्र त्या वेळीं माथ्यावरील आकाश जें गडद निळें उरतें, त्यास नुसतें प्रकीर्णन पुरत नाहीं. उंचावरील ओझोन वायु नारिंगी-पिवळा प्रकाश शोषून घेतो, आणि सांजेच्या निळाईंत मोठा वांटा त्याचा आहे, हें हलबर्ट ह्या शास्त्रज्ञानें १९५३ सालीं दाखवून दिलें.

तिसरा भागीदार

येथवर ऐकून मातोश्री म्हणाल्या, "हें सगळें खरें, पण सूर्य तोच आणि हवा तीच असतांना माझ्या दोन डोळ्यांना दोन आकाशें कां?"

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. आकाशाच्या रंगांत सूर्य आणि हवा यांच्याबरोबर तिसरा भागीदार आहे, तो म्हणजे पाहणारा डोळा. आंखूड लहर अधिक उधळते हें खरें असेल, तर सर्वांत आंखूड जांभळी; मग आकाश जांभळें कां नाहीं? एक तर सूर्यप्रकाशांत जांभळा भाग निळ्याहून कमी. त्यांतला कांहीं वरच्या हवेंतच शोषला जातो. आणि मुख्य म्हणजे आपला डोळा जांभळ्यास मंद आहे. डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. आकाशांतून येणारें सर्व रंगांचें मिश्रण त्यांवर पडलें म्हणजे त्या तिघींचा मिळून निवाडा होतो, "निळा." चांदण्या रात्रींचें आकाशही वस्तुतः निळेंच असतें, आणि छायाचित्रांत तें तसें उमटतें, परंतु अंधुक प्रकाशांत ह्या पेशी काम करीत नाहींत, म्हणून आपणांस तें निळें दिसत नाहीं.

आतां मातोश्रींच्या डोळ्याकडे येऊं. डोळ्यांतील नैसर्गिक भिंग तरुणपणीं स्वच्छ असतें. वय वाढतें तसें तें पिवळसर होतें, आणि मोतीबिंदूंत कित्येकदां तपकिरी. पिवळ्या कांचेंतून निळा प्रकाश नीट पार होत नाहीं. हा बदल इतका सावकाश घडतो कीं, मेंदु त्यास सरावत जातो. पिवळट झालेलें धोतरच पांढरें म्हणून मानूं लागतो. जुनें भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलें कीं अडलेला निळा प्रकाश एकदम आंत येतो, आणि वर्षानुवर्षें पिवळ्यास सरावलेल्या माणसास सारें जग नीळ घातल्यासारखें भासतें. क्लोद मोने ह्या जगद्विख्यात फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ सालीं झाली, तेव्हां त्यानेंही सारें फार निळें दिसतें अशी तक्रार केली होती. डॉक्टरांस विचारलें तेव्हां त्यांनीं हेंच सांगितलें, आणि कांहीं आठवड्यांत सराव होईल असा दिलासा दिला.

मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं एक डोळा झांकला, खिडकींतून पाहिलें. दुसरा झांकला, पुन्हा पाहिलें. "म्हणजे बिघडलेला डोळा हा," डाव्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "आकाश एवढें निळें होतें, आणि मला कोणी सांगितलें नाहीं!"

ह्या वाक्यानें आम्हां सर्वांसच चपापल्यासारखें झालें. दहा-बारा माणसांचें घर. एकच गच्ची, एकच आकाश. आणि त्यांतून आमच्या आईच्या वांट्याची निळाई वर्षानुवर्षें थोडी थोडी कमी होत होती, तरी ती कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. येणार तरी कशी? तिची तिलाच आली नव्हती.

अण्णांनीं मात्र आपला मुद्दा सोडला नाहीं. "तळ तर भ्रमच," ते म्हणाले. "निळा घुमट असा कोठेंच नाहीं, हें तुम्हीही कबूल करतां."

"तळ नाहीं, कबूल," पुतणी म्हणाली, "पण मळ कोठें आहे, अण्णाआजोबा? तो तर सूर्याचाच प्रकाश आहे. फक्त वाट सोडून आलेला."

अण्णा हंसले, आणि पुढच्या चतुर्थीचा मोदक तिला अगोदरच जाहीर करून मोकळे झाले.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया माघांत झाली. आतां मातोश्री रोज संध्याकाळीं गच्चीवर जातात, आणि सूर्य बुडाला कीं सर्वांस पाठमोरें वळून पूर्वेकडे पाहावयास लावतात. वाचकांस एवढीच विनंती कीं, दुधाच्या थेंबांचा प्रयोग मुलांस अवश्य करून दाखवावा. आणि त्याच वेळीं घरांतील वृद्ध मंडळींस जवळ बसवून, नुकतेंच धुतलेलें पांढरें वस्त्र त्यांच्यापुढें धरून, एकदां सहज विचारावें कीं, तुम्हांस ह्याचा रंग कसा दिसतो?